‘तक’चा रकाना

आमच्या ऑफिसात साहेब किती आले आणि किती गेले हे भिंतीवर लिहिलेलं असतं. डायरेक्टरच्या खोलीबाहेर एक काळा लाकडी बोर्ड, त्यावर पिवळ्या रंगात तीन रकाने: नाम, से, तक. साहेब रुजू झाला की नाव आणि ‘से’ची तारीख लिहायची. साहेब गेला की ‘तक’ भरायचं. मधल्या काळात साहेबाने काय केलं ते बोर्डाला ठाऊक नसतं आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा आम्हालाही नसायचं. दिल्लीत असे बोर्ड हजारो असतील. आर. के. पुरममधल्या आमच्या बोर्डावरची एकोणीसच्या एकोणीस नावं मात्र एकाच माणसाच्या हातची होती. गेल्या जानेवारीत तो बोर्ड भंगारात जायची वेळ आली, त्या माणसाची ही गोष्ट.

खंडेराव कोळपे, पेंटर. मी चंद्रप्रभा खैरनार, त्याच ऑफिसच्या प्रशासन विभागात सदतीस वर्षं काढली. कुलूप बिघडलं, पंखा अडला, पेंटर हवा, की बोलवा खैरनार मॅडमला. माझी जीभ जरा तिखट आहे असं माझा मुलगा म्हणतो. सून म्हणत नाही, तिला त्याच घरात राहायचंय.

खंडेरावांचं गाव म्हसवडच्या पलीकडचं, माण तालुक्यातलं. तिकडे घरटी एक माणूस फौजेत. त्यांचे मामा दिल्ली कँटोन्मेंटमध्ये हवालदार होते. शहात्तर साली दहावी नापास झालेल्या भाच्याला मामांनी भरतीसाठी दिल्लीला आणलं, तर भरतीत छाती कमी भरली. परत गावी जायला तोंड नव्हतं. मग मामांनी त्याला युनिटच्या पेंटरच्या हाताखाली लावून दिलं. फौजेत म्हणतात ना, जे हलतं त्याला सलाम करायचा आणि जे हलत नाही त्याला रंग द्यायचा. खंडेरावांनी झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला, दगडांना चुना लावला आणि दोन वर्षांत अक्षरं लिहायला लागले. तिथेच त्यांना घाईची सवय लागली. इन्स्पेक्शन उद्या आणि रंग आज, असाच सगळा कारभार. ओल्या रंगाला कुणाचा हात लागायच्या आत जनरल साहेब पुढे गेले पाहिजेत.

पुढे ते सरकारी ऑफिसांचे बोर्ड लिहायला लागले आणि त्यांचं नाव झालं. आमचा बोर्डही पहिल्यांदा त्यांनीच लिहिला, आधी होऊन गेलेल्या साहेबांच्या नावांसकट. नवा साहेब नऊ वाजता यायचा असेल तर खंडेराव साडेआठला यायचे, शिडी लावायचे, खडूची दोरी मारून रेघ आखायचे आणि वीस मिनिटांत नाव, पद, तारीख लिहून खाली. खाली उतरून वर बघायचेसुद्धा नाहीत. डबा बंद, ब्रश कागदात गुंडाळला, सायकलवर टांग. साहेब गाडीतून उतरायचे तेव्हा बोर्डावर त्यांचं नाव चकाकत असायचं आणि खंडेराव तोवर मुनिरकाच्या पुलावर. आमचे लोक त्यांना ‘राजधानी’ म्हणत. त्यांच्या बायको द्वारकावहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, “हा माणूस जेवताना पण एक पाय दाराबाहेर ठेवून बसतो. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात आले, तोंड बघितलं, म्हणाले छान आहे, आणि गेले. कुठल्याशा सेक्रेटरीचं नाव लिहायचं होतं.”

मला असा माणूस पसंत होता, खोटं कशाला बोलू. माझंही तसंच. आजचं काम उद्यावर टाकायचं नाही, आणि जमलं तर उद्याचंही आजच उरकायचं. माझ्या टेबलावर संध्याकाळी फाइल दिसली तर तिची खैर नसे.

मग अठ्ठ्याण्णव साली राजधानीची पॅसेंजर झाली. माणूस एकाएकी हळू झाला. वीस मिनिटांचं नाव दोन तासांवर, मग अर्ध्या दिवसावर गेलं. शिडीवरून चार वेळा खाली उतरायचे, लांब जाऊन बघायचे, परत चढायचे. ‘तक’ लिहायला बोलावलं तर विचारायचे, “साहेबांनी चार्ज दिला का? दिला असेल तरच येतो.” अरे बाबा, ऑर्डर निघालीय, तुला काय करायचंय! पण नाही. बाकीची ऑफिसं कंटाळली आणि त्यांना बोलवेनाशी झाली. दोन हजार पाचनंतर तर कॉम्प्युटरवर कापलेली चिकट अक्षरं आली, दहा मिनिटांत काम. खंडेराव नोएडात मुलीकडे राहायला गेले. तिथल्या सोसायट्यांत टपालपेट्यांवर फ्लॅटचे नंबर लिहायचे. आम्ही तेवढे त्यांना बोलवत राहिलो. माझा स्वभाव एवढा घायकुता, तरी मी त्यांना का बोलवत राहिले हे मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

आता गेल्या जानेवारीचं. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी उन्हाळाभर बोर्डावर झिरपलं होतं. प्लायला फोड आले, अक्षरं सुटली. आमचे सध्याचे डायरेक्टर राठी साहेब. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत हवं. ऑफिसला पन्नास वर्षं झाली म्हणून तीन फेब्रुवारीला कार्यक्रम ठरला होता. जुन्या डायरेक्टरांना, त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. राठी साहेब म्हणाले, “मॅडम, यह बोर्ड हटाइए, स्क्रीन लगवाते हैं। नाम ऊपर से नीचे चलेंगे।” स्क्रीनचं खोकं चार दिवसांत कॉरिडॉरमध्ये येऊन उभं राहिलं.

मी खंडेरावांना फोन केला. म्हटलं, कळवायला तरी हवं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, सरोजिनी नगरचे क्वार्टर पाडले, नेताजी नगरचे पाडले. तिथल्या दारांवरच्या पाट्या गेल्या. कँटोन्मेंटातले बोर्ड कधीच बदलले. एवढा एकच राहिलाय. हा गेला की माझ्या हातचं दिल्लीत काही उरत नाही. मला फार वाईट वाटेल.”

सरळ बोलला माणूस. मला सरळ बोलणं आवडतं. मी राठी साहेबांच्या खोलीत गेले आणि माझ्या शब्दावर मुदत मागून घेतली. ठरलं असं: खंडेरावांनी बोर्ड उतरवून, घासून, पुन्हा लिहायचा. एकतीस जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं पूर्ण असतील तर बोर्ड राहील. एक जरी ओळ राहिली तरी बोर्ड स्टोअरमध्ये आणि स्क्रीन भिंतीवर. आता योगायोग बघा, एकतीस जानेवारीलाच मी रिटायर होणार होते. म्हणजे घोडामैदान दोघांचं एकाच दिवशी.

सहा जानेवारीला सोमवारी खंडेराव मेट्रोने आले. बॉटनिकल गार्डनहून आर. के. पुरम, एकच गाडी. अंगात द्वारकावहिनींनी विणलेला तपकिरी स्वेटर, कानाला मफलर, पाठीवर नातीची जुनी शाळेची बॅग, तीत ब्रश. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पहिले तीन दिवस सगळी नावं बटर पेपरवर उतरवून घेण्यात, बोर्ड घासण्यात आणि काळा रंग देण्यात गेले. त्या थंडीत रंग वाळता वाळत नव्हता. उरले कामाचे सतरा दिवस आणि एकोणीस नावं. मी म्हटलं, “खंडेराव, पॅसेंजर चालणार नाही. निदान एक्सप्रेस व्हा.”

चौथ्या दिवशी बोर्ड भिंतीवर चढला. त्यांनी खडूने रेघा आखल्या, ब्रश हातात घेतला आणि मला म्हणाले, “ताई, पहिले साहेब कसे होते?”

“मला काय माहीत? मी सत्त्याऐंशी सालची.”

“कुणाला तरी विचारा ना. एकच गोष्ट कळली तरी पुरे. मग लिहितो.”

माझं डोकंच फिरलं. “अहो, आपण बोर्ड लिहितोय, चरित्रकोश नाही!”

ते शांतपणे खाली स्टुलावर बसले. म्हणाले, “ताई, मी आयुष्यात पाच-सहा हजार माणसांची नावं लिहिली असतील. एकाचीही ओळख नाही. नाव लिहिलं, खाली उतरलो, विसरलो. आता हात कापतो थोडा. डाव्या डोळ्याला अंधुक दिसतं. ह्या एकोणीस जणांनंतर मी मोठं काम घेणार नाही. मग ह्यांना तरी ओळखून लिहू द्या.”

झालं, गेले रेकॉर्ड रूममध्ये. पहिल्या साहेबांच्या वेळच्या फाइली काढल्या. धुळीने शिंका येऊन बेजार झाले, पण एक कागद सापडला. पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात साहेबांनी स्वतःच्या खोलीतला हीटर चौकीदाराच्या केबिनमध्ये हलवायचा लेखी हुकूम काढला होता आणि खाली पेनने लिहिलं होतं, ‘मेरे पास कोट है।’ मी तो कागद नेऊन वाचून दाखवला. खंडेरावांनी दोनदा वाचायला लावला. मग शिडीवर चढले आणि साडेतीन तासांत एक ओळ लिहिली. खाली उतरून म्हणाले, “आता कळलं कुणाचं नाव आहे.”

त्या दिवसापासून माझं हेच काम झालं. निवृत्तीच्या महिन्यात लोक पेन्शनचे कागद भरतात, मी खंडेरावांसाठी मेलेल्या-जित्या साहेबांच्या गोष्टी गोळा करत फिरत होते. सेक्शनमध्ये पोरं हसायची. हसू देत. पांडियन साहेबांची गोष्ट मला पाठच होती: ते ऑफिसच्या मांजरीसाठी रोज डब्यात दहीभात जास्तीचा आणायचे आणि मांजर आली नाही तर मीटिंग पुढे ढकलायचे. कोहली मॅडम, आमच्या एकुलत्या एक बाई डायरेक्टर, अवघड फाइल आली की चपला काढून अनवाणी फेऱ्या मारायच्या. त्या फेऱ्या मारायला लागल्या की आम्ही फोनसुद्धा हळू ठेवायचो. खंडेराव ऐकायचे, मान हलवायचे, कधी हसायचे, मग वर चढायचे. हाताखाली टेकवायची काठी बोर्डावर धरली की कापरा हात थांबायचा.

मजा म्हणजे, तिथून जाणारे लोकही थांबायला लागले. शिपाई, टायपिस्ट, कँटीनवाला. कुणी म्हणायचं, अरे हे साहेब तर माझ्या लग्नाला आले होते. तिळगुळाच्या दिवशी मी डबा नेला होता, तो बोर्डापाशीच संपला. दिल्लीची पोरं ‘तिल के लड्डू’ म्हणत आली आणि खंडेरावांनी प्रत्येकाकडून ‘गोड गोड बोला’ म्हणवून घेतलं. मला एकीकडे बरं वाटायचं आणि दुसरीकडे मी कॅलेंडरवर राहिलेले दिवस मोजत असायची.

एकवीस तारखेला घोडं अडलं. भसीन साहेब. तीन वर्षं आमचे डायरेक्टर होते, दोन हजार दहाच्या आसपास. मी रोज त्यांच्या सह्या घ्यायची. आणि मला त्यांच्याबद्दल काहीही आठवेना. चेहरा आठवे, चष्मा आठवे, पुढे काही नाही. मी म्हटलं, “सोडा हो, लिहून टाका.”

“तीन वर्षं होते ना? बसा. चहा घ्या. आठवेल.”

“खंडेराव, दहा दिवस राहिलेत!”

“मग आज नको लिहायला.” आणि त्यांनी ब्रश टर्पेंटाईनमध्ये ठेवून दिला. एक अख्खा दिवस वाया. मी इतकी चिडले की त्यांच्याशी न बोलता घरी गेले. सुनेने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरही ओरडले.

रात्रभर ते माझ्या डोक्यातून जाईना. तीन वर्षं एका माणसाच्या समोर उभी राहिले आणि एक गोष्ट आठवू नये? मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मी त्यांच्या हाताखालच्या कागदाकडे बघत होते, सही झाली की कागद ओढायचा आणि पळायचं. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर उन्हात लॉनवर बसले होते. शेजारी दोघी संत्री सोलत होत्या आणि तो वास आला तसं एकदम आठवलं. भसीन साहेब हिवाळ्यात लॉनवर यायचे, खिशातून एकच संत्रं काढायचे, सोलायचे आणि सगळ्यांना एकेक फोड द्यायचे. एका संत्र्यात जेवढी माणसं मावतील तेवढी. मला पण द्यायचे. मी ती चालता चालता तोंडात टाकून जिना चढायची.

धावत गेले सांगायला. खंडेराव म्हणाले, “वा! हे खरं.” आणि संध्याकाळपर्यंत भसीन साहेब बोर्डावर आले.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या पंधरवड्यातच पाहिली होती आणि बोलले नव्हते. आठव्या नावानंतर खंडेरावांनी नववी ओळ मोकळी सोडली आणि दहावं नाव लिहायला घेतलं. नववी ओळ नौटियाल साहेबांची. खंडेरावांनी मला त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. रोज त्या काळ्या मोकळ्या पट्टीसमोरून जाताना माझी मान आपोआप खाली जायची.

तीस जानेवारीला अठरा नावं झाली. राठी साहेबांनी येऊन बघितलं. “बहुत बढ़िया। एक लाइन रह गई है। कल हो जाएगी ना?” मी म्हटलं, “बिल्कुल, सर.” आवाज माझा मलाच परका वाटला.

एकतीस तारीख, शुक्रवार. दुपारी दोन वाजता माझा निरोप समारंभ झाला. हार, शाल, समोसे, भाषणं. सगळ्यांनी एकच सांगितलं: खैरनार मॅडमच्या टेबलावर कधी काम उरलं नाही. मी हसून ऐकत होते आणि डोक्यात नववी ओळ होती. आमच्याकडे रिवाज आहे, रिटायर होणाऱ्याला ऑफिसची गाडी घरी सोडते. साडेतीनलाच ड्रायव्हर येऊन उभा राहिला. सगळे म्हणाले, मॅडम, आता निघा, आजच्या दिवशी कोण साडेपाचला ऑफिस सुटेपर्यंत थांबतं? मी हार हातात घेतला आणि बोर्डापाशी गेले.

खंडेराव स्टुलावर बसून होते. शिडी लावलेली, ब्रश कोरडा. मला बघून उठले आणि पहिल्यांदाच विचारलं, “ताई, नौटियाल साहेब कसे होते?”

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सगळं सांगून टाकलं. त्यांना ठाऊक होतं तेसुद्धा सांगितलं.

अठ्ठ्याण्णवच्या एकतीस जुलैला, शुक्रवारी, नौटियाल साहेब रिटायर होणार होते. नवे साहेब सोमवारी येणार होते. शुक्रवारी खंडेरावांना कँटोन्मेंटात काम होतं. म्हणून गुरुवारी दुपारीच मी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, आजच दोन्ही उरकून टाका, नौटियाल साहेबांचं ‘तक’ पण आणि नव्यांचं नाव पण. खंडेराव म्हणाले होते, “साहेब अजून खोलीत आहेत.” मी म्हटलं होतं, “एका दिवसाने काय फरक पडतो? लिहा.” वीस मिनिटांत झालं. शेवटचा आकडा लिहून खंडेराव शिडीवरून उतरत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि नौटियाल साहेब बाहेर आले. हातात पाण्याचा ग्लास होता. त्यांनी बोर्ड वाचला. आपलं ‘तक’ वाचलं, त्याखालचं नव्या माणसाचं नाव वाचलं. रागावले नाहीत. खंडेरावांना एवढंच म्हणाले, “भाई, आज तो तीस है।” ग्लास तसाच हातात घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांची एका दिवसाच्या रजेची चिठ्ठी आली. हार आला, शाल आली, समोसे आले. साहेब आले नाहीत. सगळे म्हणाले, तब्येत बरी नसेल. शाल शिपायाबरोबर घरी पाठवली. दोन हजार सहा साली ते डेहराडूनला वारल्याचं कळलं, तेव्हा त्या बातमीच्या परिपत्रकाच्या प्रती मीच काढल्या.

“चौतीस वर्षांच्या नोकरीतला शेवटचा दिवस होता हो त्यांचा,” मी म्हटलं. “तो मी खाल्ला. माफी मागायला पुष्कळ वर्षं होती. गेले नाही.”

खंडेराव म्हणाले, “सांगितलं तुम्ही, पण ब्रश माझ्या हातात होता. मी नाही म्हणू शकलो असतो. मलाही पळायचं होतं. त्यानंतर माझा हात कधी भरभर चाललाच नाही. लोक म्हणायचे पेंटर म्हातारा झाला. तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो.” मग म्हणाले, “आणि पुढे पुढे मला हळू काम आवडायला लागलं, हेही खरं. घरी जेवताना दोन्ही पाय आत घेऊन बसायला लागलो. द्वारका म्हणाली, नौटियाल साहेबांना नमस्कार सांगा.”

चार वाजता ते शिडीवर चढले. नाव लिहिलं. ‘से’ लिहिलं. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ब्रश खाली घेतला. ‘तक’ मोकळंच.

राठी साहेब खोलीतून बाहेर आले. मागे स्क्रीन लावणारा इलेक्ट्रिशियन खोक्याला टेकून उभा होता. “अरे, एक तारीख ही तो है। लिख दो भाई।”

“साढ़े पाँच बजे लिखूँगा, साहब,” खंडेराव म्हणाले.

राठी साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. “मॅडम, आप गई नहीं? गाड़ी खड़ी है।” मला वाटलं, आता गेला बोर्ड. सदतीस वर्षांत कुठल्याही साहेबासमोर मी चूक कबूल केली नव्हती, होऊच दिली नव्हती ना! त्या दिवशी केली. हिंदीत, तुटक तुटक, पण सगळी सांगितली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी नव्या बोर्डावर स्वतःची ओळ बघितली, शेवटची, ‘तक’ कोरा असलेली. इलेक्ट्रिशियनला म्हणाले, “इसे कँटीन में लगा दो।” आता त्या स्क्रीनवर आजची भाजी कुठली ते दिसतं.

आम्ही चार-पाच जण तिथे उभे राहिलो. वीस मिनिटं. कुणी फोन काढला नाही. मी त्या कॉरिडॉरमध्ये आयुष्य काढलं, पण त्याच्या टोकाच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत किती लांब येतं ते तेव्हा पाहिलं. पार स्टोअरच्या दारापर्यंत येतं.

साडेपाच वाजले. खंडेराव वर चढले, काठी टेकवली आणि ३१.७.९८ लिहिलं. आकडा आकडा करून, पंधरा मिनिटं लावून. खाली उतरले, मागे सरकून बघितलं आणि ब्रश पुसला. लोक पांगले. राठी साहेबांनी खंडेरावांशी हात मिळवला, स्वतःचा हात रंगाने पिवळा झाला तरी.

मला मात्र तिथून हलवेना. स्टुलावर बसले आणि रडले, सांगायला लाज कसली. खंडेरावांनी रडू दिलं. डबे बंद केले, नातीच्या बॅगेत भरले, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. बोर्डावर माझं नाव नाही, येणारही नव्हतं, तिथे फक्त साहेब लोक. तरी त्यांनी अठरा जणांसाठी, आणि मग एकोणिसाव्यासाठी, जे विचारलं होतं तेच विचारलं.

“ताई, चंद्रप्रभाबाई कशा होत्या?”

मी डोळे पुसले. विचार केला. या वेळी आठवायला वेळ लागला नाही.

“घाईत होत्या,” मी म्हटलं.

खंडेरावांनी मान हलवली. “पण शेवटच्या दिवशी साडेपाचपर्यंत थांबल्या,” ते म्हणाले. मग गाडी सोडून आम्ही दोघं मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेलो.